सालेमबाबांची सही

गवताची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. अमिरातीत खोर फक्कान या समुद्रकाठच्या गावी एका फुटबॉल क्लबात मी मैदानाला पाणी घालायचो. पुढे तो क्लब अबुधाबीला हलवायचं आणि इथलं स्टेडियम मोडायचं ठरलं. त्याला जुन्या सभासदांच्या संमतीच्या सह्या हव्या होत्या. सगळ्यांनी दिल्या, एकटे सालेमबाबा अडून बसले. त्यांचा मुलगा आमचा गोलकीपर होता, तो समुद्रात बुडाला होता.

क्लबच्या साहेबांनी मला त्यांच्याकडे पाठवलं. त्यांना हिंदी कळायचं, म्हणून मी हिंदीत समजावलं, "बाबा, तिकडे पोरांना चांगला पगार मिळेल."

"पोरांनी जावं. पण माझा पोरगा मला फक्त या गोलमध्ये दिसतो. तिकडे दिसेल?"

मी कागदाची घडी घालू लागलो. मग त्यांनीच कागद ओढून सही केली.

"गोलचे खांब काढाल त्या दिवशी आधी सांग, हबीबी. मी घराबाहेर पडणार नाही."