गिरणीतली तांब्याची चकती

— नाही काढणार. जनकाबाई, बचत गटाच्या साऱ्या बायांले जाऊन सांग, कौशल्यानं तांब्याची चकती गिरणीतून काढली नाही अन् काढणार बी नाही. बस त्या पोत्यावर. हाव, तिथंच बस, चकती तिकडं खिळ्याले लटकून आहे, तुह्या डोक्यावर नाही. डबा नाही आणलास आज? एरवी तुह्या आधी तुहा डबा दारातून आत येते — मंग मले समजलं नसन काय, तू दळायले नाही, निरोप घेऊन आली ते! उन्हाळा तोंडावर आला, पापडाची उडीदडाळ, शेवयांचा गहू, गटाचं सारं दळण दरसाली माह्या गिरणीत, अन् यंदा म्हणे स्टँडजवळच्या गिरणीत नेता. काऊन? तर कौशल्याच्या पिठात त्या चकतीची किरणं उतरतात. चकती तलावात नेऊन टाकली तरच दळण देऊ. असंच ना? तुह्या तोंडानंच सांगितलंस आता, मी काही वाढवून नाही सांगून राह्यली.

आता माह्यं ऐक. माह्यी वैष्णवी तुह्याच अंगणात लंगडी खेळून मोठी झाली, ती तिकडं प्रयोगशाळेत काय करते एवढं तरी समजून घे. एक यंत्र आहे, लांबच लांब नळी — त्यात अशा चकत्या एकीले एक जोडून लावतात अन् मधल्या भोकातून कण पळवतात. डोळ्याले दिसत नाहीत असे. किती बारीक ते मले विचारू नको, मलेबी समजलं नाही. पळवतात कशानं? विजेनं. आपल्या मोटरीची वीज नव्हे माय — अशी ताणून धरलेली, की तांब्यावर कुठं जरासं टोक वर आलं तर तिथूनच ठिणगी उडते. ठिणगीनं खड्डा पडते, खड्ड्याच्या काठाले नवं टोक निघते, तिथून पुन्हा ठिणगी. आपल्या आळीतल्या बातमीसारखंच की वं! म्हणून नव्या चकतीवर एकदम पुरी वीज नाही सोडत. थोडी थोडी चढवतात, लहान ठिणग्या उडून जाऊ देतात, तवा कुठं तांबं सोसायले लागते. नव्या सुनेसारखं. हस, हस. तुह्यी सून नाही ऐकत आपलं.

किरणं असतात, हाव. खोटं कशाले बोलू? ते कण जिथं आदळतात तिथला धातू खराब होते — मऊ तांबं कडक होऊन बसते, पोलाद ठिसूळ होते, अन् किती मार खाल्ल्यावर काय मोडते, तेच तर तपासते माह्यी लेक. पण ते तुकडे शिशाच्या भिंतीआड ठेवतात, कोणाले हात लावू देत नाहीत. असा तुकडा एसटीत मांडीवर घेऊन आईले आणून देईन काय पोरगी? तिच्या छातीवर एक पट्टी असते, अंगाले किती लागलं ते मोजणारी. तुले काय वाटते, मी विचारलं नसन तिले? विचारलं. बाई, तुह्या पोटाले काही… पुढं लेकरंबाळं… आई आहे मी. ती हसली नाही. मोबाईल काढून पट्टीचे सारे आकडे दाखवले, जे आहे ते हद्दीच्या कितीतरी खाली, अन् मंग म्हणाली, ‘आई, तू बी?’ — जाऊ दे. हे कशाले सांगून राह्यली मी तुले.

अन् भेणाऱ्या तुम्ही कोण वं? आभाळातून धोंडा पडला, एवढं भगदाड होऊन तलाव झाला, त्याच्या काठावर चुली मांडून बसलो आपण पिढ्यान् पिढ्या. नवरात्रात खाली कमळजा देवीले जाता, त्या खाऱ्या पाण्यानं लेकराची खरूज धुता — तवा कोणी विचारलं, यात काय उतरलं असन म्हणून? अन् तळहाताएवढ्या तांब्यानं तुमचे पापड बिघडतात!

ही चकती तर यंत्रात गेलीच नाही. काऊन नाही गेली? — नाही, ते राहू दे. गेली नाही, एवढं पुरे.

पुरावा? पुरावा मागतेस? तू? बरं.

मागची खंडेनवमी आठव. संभाजीनगरच्या कारखान्यातून चकती घेऊन वैष्णवी तिकडं चालली होती — पार्सलनं धाडली तर ओरखडा पडते म्हणून हातानं नेत होती — सणाले इथं थांबली. मीच मागं लागली, दाखव तरी. तिनं हातमोजे घातले, पिशवी फोडली, या टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवली. आरसा माय, आरसा! मी म्हटलं, ही तर माह्या गिरणीच्या दगडासारखीच आहे, मधात भोक. ती म्हणाली, ‘हो आई, फक्त तुह्या दगडाले टाकी लावून खडबडीत करावं लागते, अन् हिले एक रेघ चालत नाही.’ मायलेकी हसून राह्यलो होतो. तिले फोन आला, ती बाहेर गेली. मी मोटरीले हार घालत होती, पाठ इकडं. अन् तवा हळदी-कुंकवाचं ताट घेऊन पूजेले कोण आलं? मोटरीले कुंकू लावलं, दगडाले लावलं, तराजूले लावलं — अन् बाजूले काही चकचकीत मांडलेलं दिसलं, तेबी पूजेतलंच असन म्हणून —

काय झालं? हात कशाले पदराखाली घेतलास?

थांब, काढते खिळ्यावरून. हे पाह्य. हा डाग. आण अंगठा. आण म्हणते ना — ठेव. बसला? बराबर बसला. कुंकू चोळून लावतेस तू, चांगलं दाबून, मनापासून. त्याच्या रवाळ कणांनी रेघा पडल्या, भिंगाखाली नांगरलेल्या वावरासारख्या दिसल्या म्हणे. घासून पुसून काही उपयोग झाला नाही, चकती बाद. अन् वैष्णवीनं तिथं काय सांगितलं? ‘माझ्याच हातून झालं.’ आता चकत्या आणायले दुसऱ्याले धाडतात, तिच्या हातात देत नाहीत. मले म्हणाली, ‘जनकामावशीले सांगू नको, तिनं श्रद्धेनं लावलं, तिले वाईट वाटन.’ संक्रांतीले ही भंगारातून रीतसर मागून आणली. ‘घे आई, हिची पूजा होऊन गेली आहे, आता तुह्या गिरणीतच राहू दे.’ मी खिळा ठोकला. तुह्याजवळ एका अक्षरानं बोलली नाही, अन् आजबी बोलणार नव्हती. तू आली नसतीस त्यांचा निरोप घेऊन, तर मरेपर्यंत नसती बोलली.

पदर नको लावू डोळ्याले. पाया कशाले पडतेस, उठ! तुह्यं कुंकू चुकलं, त्याचा राग मले तवाबी नव्हता. पण ज्या अंगठ्यानं पूजा केली त्याच हातानं तलावात टाकायले सांगतेस, ते नाही चालणार. जा. डाळ घेऊन ये, नाहीतर स्टँडकडं ने, तुह्यी मर्जी. गटात काय सांगायचं तेबी तूच ठरव, मी कोणाले सांगायले येणार नाही. चकती इथंच राहीन, याच खिळ्यावर, डाग पुढं करून. सर बाजूले, पट्टा चढवते — काय? काय म्हणतेस? मोठ्यानं बोल, मोटर सुरू झाली, काही ऐकू येत नाही.