'नाही समजलं' नावाचा फोल्डर

नमिता : ...'चुकून' म्हणू नकोस, देवेश. चुकून एखादी फाईल जाते. दोन वर्षांच्या नोट्स चुकून जात नाहीत.

देवेश : हळू बोल ना यार. मॅडमची केबिन आहे ही. बाहेर ज्युनिअर्स उभे आहेत.

नमिता : असू देत. माझ्याच नोट्स वाचून पास झालेत ते, आणि तुला सर म्हणतात.

देवेश : मी कुणाला सर म्हणायला सांगितलं नव्हतं.

नमिता : नको असंही म्हणाला नाहीस. चार वाजता माझी सुनावणी आहे. कशाची, माहितीये? मी ऑपरेटिंग सिस्टिमवर रिपोर्ट लिहिला, तो कॉलेजच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, तर डिपार्टमेंटच्या नोट्सशी ऐंशी टक्के जुळला. आणि डिपार्टमेंटच्या नोट्सवर नाव कुणाचं? तुझं. म्हणजे मी माझ्याच नोट्समधून चोरी केली. विषयात शून्य, वर्ष गेलं, आणि ठाण्याच्या कंपनीने घेतलंय ते पण गेलं.

देवेश : मला कुठे माहीत होतं असं होईल? ऑगस्टमध्ये मॅडम म्हणाल्या, तपासणी येतेय, ज्युनिअर्ससाठी अभ्यासाचं सगळं एका जागी हवं, तू वर्गाचा सीआर आहेस, बघ काय जमतं ते. माझ्याकडे तुझ्या ड्राइव्हची लिंक होती. मी त्यातलं टाकलं. 'आमच्या नोट्स' असंच म्हटलं होतं मी.

नमिता : माझी लिंक तुझ्याकडे का होती, ते पण सांग.

देवेश : आता ते कशाला काढतेस?

नमिता : सांग ना.

देवेश : डेंग्यू झाला होता मला. सेकंड इयरला.

नमिता : तुझी आई मला फोनवर रडत होती, पोराचं वर्ष जाईल गं म्हणून. तू नाहूरला अंथरुणात. मी मढहून बोटीने वर्सोव्याला, तिथून पार्ल्याला, संध्याकाळी परत घरी, आईचे मासळीचे क्रेट धुवायचे, आणि हाताचा वास जायच्या आत तुझ्यासाठी त्या दिवसाचं सगळं ड्राइव्हवर चढवायचं. एकवीस दिवस.

देवेश : मी विसरलो नाहीये ते.

नमिता : पहिलं पान काढताना पण आठवत होतं?

देवेश : कुठलं पान?

नमिता : प्रत्येक विषयाच्या वर एक पान होतं. माझं नाव, विषय, शेवटचं कधी वाचलं ती तारीख. बावीस विषय. बावीस पानं एकेक करून काढलीस तू. हात दुखला असेल.

(दार उघडतं. विभागप्रमुख इरावती मॅडम हातात फायली घेऊन आत येतात.)

इरावती : तुम्ही दोघं इथे काय करताय? सुनावणी चार वाजता, वरच्या मजल्यावर.

नमिता : त्याआधी तुम्हाला दाखवायचंय, मॅडम. वर मला पाच मिनिटं देणार आहेत. पाच मिनिटांत हे होणार नाही.

इरावती : असं बघ नमिता, मी स्वतः त्या समितीवर आहे. एकाच बाजूचं आधी ऐकून घेतलं तर ते बरं दिसणार नाही.

नमिता : त्याचं तर ऐकलंत. मला न विचारता.

इरावती : ...बरं. दाखव. पण पटकन.

नमिता : हा माझा ड्राइव्ह. हे फर्स्ट इयर, हा विषय डेटा स्ट्रक्चर्स. आत तीन फोल्डर आहेत. समजलं, अर्धं समजलं, नाही समजलं. लेक्चर झालं की सगळं आधी 'नाही समजलं'मध्ये जातं. स्वतः प्रोग्राम लिहून चालवला की 'अर्धं'मध्ये. आणि दुसऱ्या कुणाला शिकवता आलं, तरच 'समजलं'. प्रत्येक विषयाला असंच.

इरावती : दुसऱ्या कुणाला म्हणजे?

नमिता : बहुतेक वेळा याला.

इरावती : पण डिपार्टमेंटच्या ड्राइव्हवर विषयाला एकच फोल्डर आहे.

नमिता : 'समजलं' तेवढा उचलला ना. बाकीचे दोन घेऊन काय करणार? देवेश, पॉइंटर शिकताना तुझं काय अडलं होतं, सांग मॅडमना. तुझ्या नोट्स आहेत.

देवेश : मला ते... तसं लगेच आलं होतं.

नमिता : मला नव्हतं आलं. ही अकरा पानं बघा, मॅडम. सगळी चुकलेली. इथे मी पत्ता आणि त्या पत्त्यावरची किंमत एकच धरून बसलेय. इथे प्रोग्राम बंद पडला. आणि इथे खाली लिहिलंय, 'उद्या मॅडमना विचारायचं, हसल्या तरी चालेल.'

इरावती : हे तू मला विचारलं होतंस. जिन्यात.

नमिता : तुम्ही हसला नव्हता. कागदावर घरांची एक ओळ काढून दिली होतीत, प्रत्येक घराला नंबर. तो कागद पुढच्या पानावर आहे.

इरावती : हो. माझंच अक्षर आहे. तारीखही मीच घातलीये... देवेश, मेलमध्ये काय लिहिलं होतंस तू मला?

देवेश : आमच्या नोट्स असं काहीतरी, मॅडम.

इरावती : थांब, काढते. 'मी दोन वर्षांत तयार केलेलं साहित्य विभागाला देत आहे.' यात 'आमच्या' कुठे आहे, दाखव. मी यावरून तुला शिफारसपत्र दिलं.

नमिता : कसलं शिफारसपत्र?

इरावती : एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी मागितलं होतं त्याने.

नमिता : वा. हे मला आज कळतंय.

देवेश : माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतंच, मॅडम. मार्क बरे आहेत, पण ते पण हिच्याच जिवावर. मला वाटलं ही कुणाला दाखवत नाही, नुसतं पडून आहे ते.

नमिता : पडून नव्हतं. रोज वापरत होते मी. माझं डोकं आहे ते, देवेश. माळा नाही, की तू चढलास आणि हवं ते काढून नेलंस.

देवेश : मी समितीपुढे सांगतो ना सगळं. तिची चूक नाही म्हणून.

नमिता : आणि आपल्या ग्रुपवर? मंगळवारी कुणीतरी टाकलं, 'टॉपर पण कॉपी मारते.' त्याखाली तुझा अंगठा आहे.

देवेश : सगळेच टाकत होते गं.

नमिता : सगळ्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.

देवेश : ...काय लिहू?

नमिता : मी सांगणार नाही. जसं घडलं तसं लिही. ते तरी स्वतःचं लिही.

इरावती : देवेश, तू बाहेर थांब. चार वाजता समितीपुढे तुलाच बोलायचंय. शिफारसपत्र मी परत घेतेय... नमिता, तुझ्यावरचा आरोप मागे घ्यायला मी आत्ताच सांगते. नोट्सवर तुझं नाव येईल. झालं ना? बस आता, पाणी पी.

नमिता : नाही झालं, मॅडम. तुम्ही घरी पत्र पाठवलंत.

इरावती : ते नियमानं जातं गं. ऑफिसकडून.

नमिता : सही तुमची होती.

इरावती : ...हो. माझी होती.

नमिता : आई धक्क्यावर मासळी घेऊन बसली होती. पोस्टमनने पाकीट तिथेच दिलं. कॉलेजचा शिक्का बघून तिला वाटलं, पोरीचा नंबर आला असणार. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून शेजारणीच्या सुनेला वाचायला दिलं. मोठ्याने वाच म्हणाली, मॅडम. सगळ्यांना ऐकू दे म्हणाली.

इरावती : अगं...

नमिता : ती पोरगी अर्ध्यात थांबली. आईने तरी पूर्ण वाचून घेतलं. त्या दिवसापासून बाबा रोज विचारतात, केलं असशील तर सांग, मी ओरडणार नाही. मी नाही म्हणते, ते मान हलवतात. विश्वास बसत नाही त्यांचा. माझा शब्द आणि कॉलेजचा कागद, यात कागदच जिंकतो ना.

इरावती : मी दुसरं पत्र पाठवते. चूक आमची होती, असं स्पष्ट लिहून.

नमिता : मराठीत पाठवा. आईला स्वतःला वाचता आलं पाहिजे.

इरावती : नक्की. फक्त ऑफिसात मराठी टाईप करतात ते दत्ताराम आज रजेवर आहेत. सोमवारी ते आले की पहिलं तेच काम...

नमिता : मग हातानं लिहा, मॅडम. मी थांबते.