दुसरं मडकं

कमळाबाई : पागोटं कोरडं होतं, म्हणून काय झालं? काठावर काढून ठेवलं असेल माझ्या परशुरामानं.

हरिहर : तेच म्हणतोय मी, काकू. काढून ठेवलं होतं. दगडावर पागोटं, खाली जोडे, शेजारी शेजारी लावलेले, देवळाबाहेर ठेवतो तसे. ज्याला कोणी खाडीत ढकलतं, तो जोडा असा लावून ठेवत नाही. माझ्या आधीच्या फौजदारांनी पंचनाम्यात हे सगळं लिहिलंय. पण त्यांच्या डोक्यात दामाजी कोळी पक्का बसला होता.

कमळाबाई : बसणारच. भर बांधावर तो मेला परशुरामाला म्हणाला होता, तुला खाडीत बुडवीन म्हणून. सगळ्या कोलशेतनं ऐकलंय.

हरिहर : म्हणाला होता खरा. परशुरामपंत पडले मीठचौकीचे कारकून. दामाजीची बायको शेवंती मासळीसाठी पाटीभर बिनकराचं मीठ घेऊन मिठागरातून निघाली, तिला पंतांनी अडवलं आणि पाटी तिथंच पालथी करायला लावली. त्यावरून शब्दाला शब्द लागला. पुढं पंत नाहीसे झाले आणि दामाजी कोठडीत गेला. मी बदलून आलो तेव्हा पहिलंच काम माझ्यापुढं आलं ते हे. वरिष्ठ म्हणाले, सगळं तयार आहे, फक्त कबुली घ्या. दामाजीसमोर मी दोन दिवस बसलो. केलं म्हणत नाही, नाही केलं म्हणत नाही. आधी मारही खाल्लाय त्यानं. एकच बोलला, 'साहेब, मना कायपन ठाव नाय.' आणि हे बोलताना माझ्याकडं बघत नव्हता, खाडीकडं बघत होता.

कमळाबाई : हे मला सांगून काय उपयोग, हरिहरपंत? मुलगा गेला माझा. आता पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायचा असं माझ्या थोरल्या मुलानं ठरवलंय. प्रेत मिळालं नाही की तसंच करतात. क्रिया झाल्याशिवाय त्याच्या सुमतीचं लग्न लावता येत नाही, आणि कल्याणची माणसं तरी किती थांबतील? भटजींना सांगितलंय, न्हाव्याला सांगितलंय.

हरिहर : न्हावी कशाला?

कमळाबाई : कशाला म्हणजे? सूनबाईसाठी. दाराआड उभी आहे ती, ऐकते आहे सगळं. उगाच नको ते विचारू नका.

हरिहर : मग वेळेवर आलो म्हणायचं. काकू, जरा खाली बसा. भिंतीला टेका. पंत जिवंत आहेत. काल मी त्यांच्याशी बोललो.

कमळाबाई : काय म्हणालात?

हरिहर : जिवंत आहेत. खाडीच्या पलीकडच्या काठाला, खाजणाच्या चिखलात एक झोपडी आहे, तिथं.

कमळाबाई : माझा परशुराम? मग घरी का येत नाही तो? कोणी डांबून ठेवलंय? सूनबाई, ऐकलंस का गं?

हरिहर : डांबलेलं नाही. आपल्या पायांनी गेलेत. का गेले ते सांगायलाच आलोय, पण ते ऐकायला सोपं नाही. मी क्रमानं सांगू का? मधे थांबवू नका.

कमळाबाई : सांगा.

हरिहर : आधी मी मीठचौकीत गेलो. तिथला शिपाई गप्पा मारता मारता म्हणाला, पंत मोठे सोशिक. लखोट्यावर मोहोर करताना लाखेचा जळता थेंब बोटावर पडला, कातडी करपल्याचा वास आला, तरी पंत पुढचं पाकीट उचलत होते. शिपायाला ते कौतुक वाटलं. मला ते ऐकून बरं वाटलं नाही. मग मागच्या खेपेला मी इथं आलो, आठवतं? तुम्ही म्हणालात, अलीकडे परशुराम विक्षिप्तासारखा वागायचा. आपलं ताट आपण घासायचा, ओसरीवर निजायचा, सुमती गळ्यात पडायला आली की खेकसायचा.

कमळाबाई : हो. आम्हाला वाटलं, चौकीतल्या कामानं डोकं फिरलंय.

हरिहर : मग मी कोलशेतला जाऊन राहिलो. नवरा कोठडीत असलेली बाई काय करते, एवढंच बघायचं होतं. शेवंती रोज दुपारी होडी घेऊन पलीकडे जायची. गावात विचारलं तर म्हणाले, दामाजीचा म्हातारा बाप धाकू पलीकडे मासळी राखायला राहतो, त्याला भात देते. काल ती होडीत बसायच्या आत मी समोर गेलो आणि पाटीवरचं फडकं उचललं. दोन मडकी होती. एकात भात आणि म्हावऱ्याचं कालवण. दुसऱ्यात साधं वरण आणि भात. मासळीचा वाससुद्धा नाही.

कमळाबाई : वरण?

हरिहर : कोळ्याच्या घरचं नुसतं वरण, काकू. मी विचारलं, हे कोणासाठी? म्हणाली, 'माज्या नवऱ्यानं जबान दिलीय. तो मेला तरी चालंल, पन मी तोंड उघरलं तर तो मना घरान घेनार नाय.' मी म्हटलं, तू बोलू नकोस. फक्त मला होडीत घे. तेवढं तिनं केलं.

कमळाबाई : तो त्यांच्या हातचं जेवतो? ब्राह्मणाचा मुलगा?

हरिहर : जेवतात.

कमळाबाई : पुढं सांगा.

हरिहर : झोपडीत धाकू होता. त्याची बोटं झडलेली. नाक बसलेलं. आणि त्याच्या शेजारी पंत. काकू, पंतांना रक्तपिती झालीय.

कमळाबाई : महारोग?

हरिहर : हो. पाणी देऊ का?

कमळाबाई : नको. आमच्या घरात सात पिढ्यांत नाही.

हरिहर : कोणाच्याच घरात आधी नसते. बांधावरचं भांडण झालं त्यानंतर पंत एकदा मीठ पकडायला म्हणून पलीकडे गेले होते. तिथं त्यांना धाकू दिसला. दामाजीनं बापाला वर्षानुवर्षं लपवलेलं, कारण कळलं तर जात दामाजीला वाळीत टाकेल, त्याची मासळी कोणी घेणार नाही. दामाजी पंतांच्या पाया पडला, कोणाला सांगू नका म्हणाला. पंतांनी तेव्हा आपला हात पुढं केला आणि त्याला दाखवला. कोपरापाशी पांढुरका डाग, दोन बोटं वळलेली, बधिर. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांचं झाकून ठेवलं. पुढं सुमतीचं लग्न ठरलं, तेव्हा पंतांनी दामाजीला सांगितलं, मला पलीकडे घेऊन चल, आणि मी बुडालो असं लोकांना वाटू दे. दामाजीवर आळ येईल हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. पंतांना तर काल माझ्याकडून कळलं की दामाजी कोठडीत आहे. शेवंतीनं त्यांना सांगितलं नव्हतं. दामाजी मासळी घेऊन मुंबईला गेलाय, एवढंच सांगायची.

कमळाबाई : मग?

हरिहर : तसेच उठले. म्हणाले, आत्ता कचेरीत चला. मीच थांबवलं. म्हटलं, घरच्यांना कोणी परक्यानं सांगण्याआधी मला सांगू द्या. परवा मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढं ते उभे राहतील. दामाजी सुटेल.

कमळाबाई : आणि सगळं ठाणं शहर बघेल. मग सुमतीला कोण करून घेणार? हरिहरपंत, तुम्ही शहाणे आहात. साहेबापुढं एवढंच सांगा, त्यानं संन्यास घेतला. भगवं नेसवून आणा, हात कफनीत झाकता येईल. संन्याशाच्या मुलीला कोणी नाकारत नाही. लग्न लागलं की मग काय व्हायचं ते होऊ दे.

हरिहर : मी साहेबांना विनंती करीन, जबानी बंगल्यावर घ्या, रोगाचं नाव लिहू नका. तेवढं कदाचित ऐकतील. त्यापुढं लोकांना काय सांगायचं ते तुमच्या घरानं ठरवायचं. मी तुम्हाला खोटं पाडायला येणार नाही.

कमळाबाई : मग ठरलं. संन्यास.

सरस्वती : नाही, सासूबाई.

कमळाबाई : अगं, बाहेर कशी आलीस? परपुरुष बसलाय.

सरस्वती : न्हाव्यासमोर बसायचंच होतं मला. यांच्यासमोर उभी राहिले तर काय बिघडलं? फौजदारसाहेब, एक सांगा. इकडून माझ्याविषयी काही बोलणं झालं?

हरिहर : मी विचारलं त्यांना. म्हटलं, तुमच्या मागं त्यांचं केशवपन होईल, हे मनात आलं नाही का? म्हणाले, विधवेला घरात कोपरा मिळतो. रक्तपित्याच्या बायकोला तोही मिळत नाही.

सरस्वती : अस्सं.

कमळाबाई : त्यानं तुझ्याच भल्याचं पाहिलं, बाई. आता तू सुमतीचं पाहा. संन्यास म्हणू.

सरस्वती : तिचंच पाहते आहे. संन्यास म्हणून लग्न लावू. पुढं पोरीच्या अंगावर साधा नायटा उठला, आणि तोवर कोणीतरी कल्याणला सांगितलेलं असलं, तर? ती माणसं तिला फसवून गळ्यात बांधली म्हणून बाहेर काढतील. अकरा वर्षांची पोर, सासरचीही नाही आणि माहेरचीही नाही. त्यापेक्षा आज मोडलं तर आपल्या घरात तर राहील. मी कल्याणला जाऊन विहीणबाईंना सगळं सांगणार.

कमळाबाई : थोरला तुला उंबरा ओलांडू देईल?

सरस्वती : तुम्ही बरोबर असलात तर देतील. तुमचा मुलगा जिवंत आहे, सासूबाई. पुतळा जाळून आल्यावर तुम्हाला जेवण गेलं असतं का?

कमळाबाई : सकाळची गाडी केव्हा असते हो, हरिहरपंत?

(दोन दिवसांनी, दुपारी. कोलशेतचं बंदर. परशुराम काठावरच्या दगडावर बसला आहे. सरस्वती त्याच्याकडे येते.)

परशुराम : तिथंच थांब. पुढं येऊ नकोस.

सरस्वती : थांबले. एवढं चालेल?

परशुराम : वारा माझ्याकडून तुझ्याकडे येतोय. त्या बाजूला जा.

सरस्वती : हं. दामाजी सुटला ना?

परशुराम : सुटला. साहेबांनी बंगल्यावरच जबानी घेतली. मला लांब उभं केलं होतं, पण बोलले बरे. दामाजी बाहेर आला आणि मला वाटलं आता शिव्या देईल. त्यानं आधी विचारलं, म्हातारा जेवतो का. मी त्याच्या पाठीवरचे वळ पाहिले. माझ्यामुळं. होडीत जाऊन बसलाय तो, बापाकडे न्यायला भाकरी घेऊन. ... आई कशी आहे?

सरस्वती : कल्याणला आल्या होत्या माझ्याबरोबर. तिथं गेल्यावर त्याच बोलल्या, मला बोलावं लागलं नाही. मुलगा जिवंत आहे, आणि असा असा आजार आहे, म्हणाल्या. विहीणबाई रडल्या. पाणी दिलं आम्हाला, चांगल्या पेल्यातून. व्याही आत गेले, बाहेर आले, म्हणाले, तुम्ही सांगितलंत हे तुमचे उपकार. पण आमचा एकुलता एक मुलगा आहे.

परशुराम : मोडलं.

सरस्वती : मोडलं.

परशुराम : म्हणूनच गेलो होतो गं मी. मी मेलो असतो तर तिचं लागलं असतं.

सरस्वती : लागलं असतं. आणि दामाजी काळ्या पाण्यावर गेला असता, आणि मी बोडकी होऊन कोपऱ्यात बसले असते, आणि तुम्ही तिकडे बसून वरणभात खाल्ला असतात.

परशुराम : बोल. ऐकायचंच आहे मला.

सरस्वती : भांडायला नाही आले. पण एवढं सांगायचंय. ताट वेगळं घासायला लागलात, ओसरीवर निजायला लागलात, तेव्हा मला वाटलं माझं काही चुकलं. रात्ररात्र मी तेच आठवत पडायचे. मग तुम्ही नाहीसे झालात, तर वाटलं, माझ्यावर रागावून जीव दिलात. एकदा हात पुढं करून दाखवला असतात, दामाजीला दाखवलात तसा. मी काय केलं असतं ते मला ठाऊक नाही. पण तुम्हालाही ठाऊक नव्हतं. माझ्या वाटचं तुम्हीच ठरवून टाकलंत.

परशुराम : सुमतीला काय सांगितलंस?

सरस्वती : सगळं. ती म्हणाली, बाबा खेकसत होते ते यासाठी का? मग परकर खोचून अंगणात खेळायला गेली. लग्न मोडलं त्याचं तिला काही नाही. पुढं वाटेल, तेव्हा बघू.

परशुराम : मला बघायचं होतं तिला. पण नको, इतक्यात नको.

सरस्वती : हात दाखवा.

परशुराम : काय बघायचंय त्यात?

सरस्वती : दाखवा. लांबूनच.

परशुराम : हा. ... बघितलास? झाकू आता?

सरस्वती : नका झाकू. दुखतं?

परशुराम : दुखत नाही. तेच तर.

सरस्वती : दामाजी हाक मारतोय. उठा. भरती उतरायच्या आत निघायला हवं म्हणतो.

परशुराम : तू कुठं निघालीस?

सरस्वती : मी त्याला विचारलंय, संध्याकाळी परत सोडेल. मी पुढच्या टोकाला बसते, तुम्ही मागं बसा.

परशुराम : सरस्वती, वेडी आहेस का? खाजण आहे ते, चिखल आहे. थोरला दादा तुला घरात घेणार नाही. कशाला यायचं तिकडे?

सरस्वती : आज वाट बघून ठेवते. म्हणजे पुढच्या वेळी कोणाला विचारायला नको.