शनिवारची शाळा कुठे भरणार?

(हवाई बेटं, वायपाहू. शनिवारी सकाळी, युफेमिया पागदिलाओ यांच्या घरापुढच्या गाडीच्या शेडमध्ये. गाडी बाहेर रस्त्यावर. आत लांब टेबल, त्यावर शेवग्याच्या पाल्याचा ढीग. युफेमियांसमोर त्यांचे धाकटे दीर सेव्हेरिनो.)

सेव्हेरिनो : ...आणि छातीवर मिरवायचे पट्टे शिवायला टाकलेत. निळे, सोनेरी काठाचे. तुमच्या पट्ट्यावर ‘संस्थापक अध्यक्ष’ असं भरून घेतोय. आता नाही म्हणू नका, वहिनी.

युफेमिया : मंडळ अजून जन्माला आलं नाही आणि पट्टे शिवायला टाकलेस? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. हाताला काहीतरी काम दे. तो पाला खुड.

सेव्हेरिनो : खुडतो. पण मला सांगा, निवडणूक हरल्यावर आपल्यात माणूस काय करतो? दुसऱ्या दिवशी नवं मंडळ काढतो. रीतच आहे ती. मी तीन काढली.

युफेमिया : तिसऱ्यात सभासद किती?

सेव्हेरिनो : चार. पण चारही पदाधिकारी आहेत.

युफेमिया : आणि चारही तुझ्याच घरातले. तुझी सासू उपाध्यक्ष आहे, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

सेव्हेरिनो : हसा, हसा. पण हे वेगळं आहे. ज्या हॉलसाठी तुम्ही घरोघर झोळी फिरवलीत, त्याच हॉलमध्ये गेल्या रविवारी तुमच्या हाताखाली शिकलेली पोरगी मंडळाच्या अध्यक्षपदाला तुमच्याविरुद्ध उभी राहते काय आणि निवडून येते काय! कोण, तर माडारांगांची रोवेना. तिचं नाक पुसलंय तुम्ही. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, ते उगाच नाही म्हणत. अर्धी गल्ली तुमच्या या टेबलावर जेवली आणि मत तिला देऊन आली.

युफेमिया : जेवू घातलं ते घातलं. त्याची मतात वसुली करायची नसते.

सेव्हेरिनो : तुम्ही थोर आहात, मी नाही. म्हणून मी सोय करून ठेवलीय. शनिवारच्या शाळेसाठी माझ्या गराजमध्ये खुर्च्या मांडल्यात, फळा टांगलाय. कालपासून माझा फोन थांबलेला नाही. सगळ्या पालकांचं एकच म्हणणं, बाई सांगतील तिथे पोराला सोडू. हॉलवर की तुझ्याकडे? मी म्हटलं, सकाळी त्यांनाच विचारा. आता तुम्ही नुसतं ‘सेव्हेरिनोकडे’ एवढं म्हणा. नऊ वाजता ती रोवेना हॉलमध्ये माश्या मारत बसेल.

युफेमिया : फोन मलाही येतायत. मी उचलले नाहीत.

सेव्हेरिनो : का?

युफेमिया : काय सांगायचं ते ठरत नव्हतं म्हणून. लागलंय मला, सेव्हेरिनो. खोटं कशाला बोलू? तिकडे फिलिपिन्सला, आपल्या इलोकोसमध्ये मी चांगली शिक्षिका होते. इथे आले तर माझं प्रमाणपत्र कुणी वाचलंसुद्धा नाही. अननसाच्या कारखान्यात उभी केली मला. डबे भरता भरता परीक्षा दिल्या, शाळेत लागले, मुख्याध्यापिका झाले. शनिवारची शाळा त्याच्याही आधीची. मळ्यावरच्या म्हाताऱ्यांना नागरिकत्वाची परीक्षा देता यावी म्हणून काढली. मग पोरं यायला लागली आपली भाषा शिकायला. नोकरी सुटली तरी मी शनिवार सोडला नाही. आणि आता लोक म्हणतात, पुरे झालं, बाई.

सेव्हेरिनो : मग मी दुसरं काय सांगतोय?

युफेमिया : हळू बोल. फाटकात कुणी आलंय. कोण, रोवेना? उभी का? ये आत.

रोवेना : हात द्या, बाई. कपाळाला लावू द्या.

युफेमिया : घे. सुखी राहा. बस.

सेव्हेरिनो : या, अध्यक्षबाई! आधी पाठीत सुरा, मग कपाळाला हात. चांगलं आहे.

रोवेना : काका, तुम्ही मला काहीही बोला. मी बाईंकडे आलेय. बाई, ही हॉलची किल्ली. परत घ्या. मी राजीनामा देतेय.

युफेमिया : कशासाठी?

रोवेना : काल मी सगळ्या पालकांना फोन केले. कुणी म्हणालं, बघू. कुणी म्हणालं, बाईंना विचारून सांगतो. एकजण तर म्हणाली, बाई नसतील तर मी मुलाला बेसबॉलला घालते. थोडी मुलं काकांच्या गराजमध्ये, थोडी माझ्याकडे, बाकीची घरी. असली शाळा चालवण्यापेक्षा मी नसलेली बरी.

युफेमिया : मग उभी कशाला राहिलीस?

रोवेना : खरं सांगू?

युफेमिया : खोटं बोलायला मी शिकवलं होतं का तुला?

रोवेना : तुम्ही आम्हाला शिकवूच देत नाही म्हणून. सोमवार ते शुक्रवार मी माझ्या शाळेत वर्ग घेते. तिथे कुणी मधे येत नाही. शनिवारी तुमच्याकडे आले की मी फळा पुसते. एकदा तुम्हाला यायला उशीर झाला तेव्हा मी मुलांना मगरीची गोष्ट सांगत होते, आपल्या भाषेत. मुलं हसत होती, मधेच प्रश्न विचारत होती. तुम्ही आलात, माझ्या हातातला खडू घेतलात आणि म्हणालात, ‘अशी नाही.’ सगळ्यांसमोर. घरी जाऊन मी रडले, बाई. तुम्ही जावं असं मला कधीच वाटलं नाही. मला खडू हवा होता.

सेव्हेरिनो : ऐकलंत? ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. पण वहिनी, किल्ली घ्या. आपणहून देतेय ना ती? मग नवं मंडळही नको आणि गराजही नको. सगळं होतं तसं होईल. पट्ट्यावरचा ‘संस्थापक’ तेवढा उसवून घेतो.

युफेमिया : सेव्हेरिनो, तुला म्हातारा सिरियाको आठवतो?

सेव्हेरिनो : त्याचं आत्ता काय?

युफेमिया : रोवेनाला माहीत नाही. सांग तिला.

सेव्हेरिनो : जुनी गोष्ट आहे. कशाला उकरून काढायची?

युफेमिया : मग मी सांगते. रोवेना, माझा नवरा, याचा भाऊ, मंडळाची निवडणूक हरला. दुसऱ्या दिवशी त्यानं नवं मंडळ काढलं. रीतीप्रमाणे. हा त्याचा खजिनदार. एकाच रस्त्यावर दोन मंडळं, एकाच दिवशी दोन जत्रा, दोन बँड, जत्रेच्या दोन राण्या. या बाजूचा माणूस त्या बाजूच्याकडे बघायचा नाही. सिरियाको उसाच्या मळ्यावरचा म्हातारा. लग्न नाही, ना मूल ना बाळ. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. असा माणूस गेला की मंडळच त्याचं घर. मंडळानं खांदा द्यायचा, नऊ दिवस प्रार्थना करायची, आल्यागेल्याला जेवू घालायचं. तर तो गेला.

रोवेना : मग?

युफेमिया : बोल, सेव्हेरिनो.

सेव्हेरिनो : आम्हाला वाटलं, तो त्यांच्यातला आहे.

युफेमिया : आणि त्यांना वाटलं, तो आमच्यातला.

सेव्हेरिनो : दोन्ही मंडळांतलं कुणीच गेलं नाही. वहिनी आणि कारखान्यातल्या दोघी, नऊ दिवस या तिघीच बसल्या. दादाला कळलं तेव्हा शेवटच्या दिवशी तो दारापर्यंत गेला, पण आत पाऊल टाकवेना त्याला. मी तेवढंसुद्धा केलं नाही.

युफेमिया : आज नऊ वाजता तेच होणार आहे. तू समजशील, पोर हॉलवर गेलं. ही समजेल, तुझ्याकडे गेलं. आणि ते घरी टीव्हीपुढे बसलेलं असेल. अशी चार-दोन वर्षं गेली की त्याला स्वतःच्या आजीशी बोलता येणार नाही.

सेव्हेरिनो : म्हणून तर म्हणतोय, किल्ली तुम्ही घ्या. एक शाळा, एक बाई. भांडणच मिटलं.

युफेमिया : आणि माझ्यामागे? मी काय अमरपट्टा घेऊन आलेय? रोवेना, किल्ली उचल. राजीनामा वगैरे काही नाही. लोकांनी निवडून दिलंय, तर काम कर.

रोवेना : बाई, पण...

युफेमिया : ती मगरीची गोष्ट तू सांगितलीस तशी नाहीच. मी आजही तेच म्हणेन. पण पोरं हसत होती, हे मी दारातून ऐकलं होतं. माझ्या वर्गात पोरं गप्प बसतात. मला वाटायचं, शिस्त आहे.

रोवेना : तुम्ही याल ना आज? नुसत्या बसा.

युफेमिया : नाही. मी आले की सगळी माझ्याकडे बघणार. आणि तू अडखळलीस की मी उठून खडू घेणार. माझी खोड मला ठाऊक आहे. आधी तुझे पाय रोवले जाऊ देत. मग बोलावशील तेव्हा येईन आणि सांगशील ते करीन.

सेव्हेरिनो : आणि माझ्या खुर्च्या?

युफेमिया : हॉलवर ने, आत्ताच. आणि तिथेच दारात उभा राहा. आलेल्या प्रत्येक पोराला तू आत घे. पागदिलाओ दारात दिसला की कुणाला शंका राहणार नाही.

सेव्हेरिनो : पट्टे शिवायला गेलेत, त्यांचं काय करू?

युफेमिया : तुझ्या उपाध्यक्षांना, सासूबाईंना विचार.

रोवेना : बाई, आत फोन वाजतोय.

युफेमिया : ऐकू येतंय मला. दे इकडे आणून. हॅलो... हो, युफेमियाच बोलतेय... हो, हरले. बरी आहे, जेवतेय, झोपतेय... शाळा आहे ना. नऊ वाजता, हॉलवर... नाही, सेव्हेरिनोकडे काही नाही, तो स्वतः हॉलवर निघालाय... नाही, मी नसेन. माडारांगबाई शिकवतील.