नाताळातली आग

हसा लेको, पण आमचं काय चुकलं ते सांगा! लंडनला बातमीदार होतो तेव्हा माझ्या खोलीत आमच्या वऱ्हाडातल्या धाड गावचा यूसुफ राहायचा. खामगावच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, वाढलेला गडी. आग दिसली की पाणी ओतायचं, एवढंच त्याला ठाऊक.

फोडणीच्या धुरावरून घरमालकीण आधीच खोली सोडा म्हणत होती. तरी नाताळात तिनं जेवायला बोलावलं आणि तिकडच्या रीतीप्रमाणे दारू ओतून पेटवलेला केक मिरवत आणला. यूसुफनं त्यावर पाण्याची सुरई रिकामी केली.

"अबे, तो केक हाय!" मी ओरडलो.

बाईनं पुन्हा काडी ओढली. ओला केक पेटेना. तिला रडू कोसळलं.

यूसुफ कळवळला. "बाईले विचार बे, घरात घासलेट हाय का?"

बातमीदारानं ऐकलेलं जसंच्या तसं सांगावं. मी सांगितलं.

उरलेली सुट्टी आम्ही स्टेशनच्या बाकावर काढली.