तिसऱ्या मजल्यावरचं मशीन

नको मामा, लिफ्टचं नाव काढू नका. लिफ्ट तर जिन्याहून वाईट, जिन्यात निदान उजेड असतो. जातो की मी वर. जायचंच आहे. तिसरा मजला, सौदामिनी मॅडम — हाव, केमिस्ट्रीवाल्या — त्यांच्याकडंच. जरा बसू द्या तुमच्या बाकड्यावर. लातूरहून एसटीनं आलोय, पाय आखडलेत. — नाही, पालक नाही. फीस भरायला नाही आलो. मी त्यांचा नवरा.

असं बघू नका. तुम्ही इथं वॉचमन लागल्यापासून मला पाहिलं नाही, कारण मी आलोच नाही. आमची पोरगी उर्वी आठवीत होती तेव्हा ह्या दोघी इथं नांदेडला आल्या, आता ती पुण्यात नोकरीला लागली. — थांबा, तुमचं जे काय सांगायचं ते मागून सांगा. माझं ऐका आधी. बोलायचा थांबलो की उठून परत स्टँडवर जाईन, माझं मला माहीत आहे.

भांडण नाही हो झालं. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. मी पक्क्या छताखाली थांबत नाही, एवढंच. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा आम्ही लातुरात, भाड्याचं स्लॅबचं घर. फडताळातल्या बरण्या पडल्या, बाकी काही नाही. आमचं माणूस गेलं नाही, भिंतीला चीर नाही. मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचो — पोरांना घेऊन किल्लारीकडं मदतीला गेलो, काही रोज राहिलो. काय बघितलं ते सांगत नाही, तुम्ही आत्ताच जेवलात. परत आलो आणि अंगणात खाट टाकली. तेव्हा सगळं लातूरच बाहेर झोपायचं, मला कोण हसणार. मग एकेक घर आत गेलं. मी बाहेरच. सौदामिनी समजावायची — अहो, तिथं दगडमातीची घरं पडली, हे सिमेंटचं आहे, तुम्हीच शिकवता ना पोरांना? बरोबर होतं तिचं. मला सगळं पटतं मामा, फक्त आत गेलं की मान वर जाते. वर्गात फळ्याकडं पाठ करून छताकडं बघत उभा राहायलो. पोरंही वर बघायची. सोडली मग नोकरी. अंगणात पत्र्याचं शेड टाकलं, त्यात ट्यूशन सुरू केली — तेव्हा लातुरात शिकवणीला कुठून कुठून पोरं यायली होती, शेडात बसवलं काय आणि झाडाखाली बसवलं काय, कोणी विचारत नव्हतं. उर्वीला मात्र शाळेत विचारायचे — तुझे पप्पा अंगणात का राहतात.

मग इथल्या क्लासवाल्यांनी सौदामिनीला बोलावलं. राहायला हा फ्लॅट. म्हणली, तुम्ही या सावकाश, घाई नाही. ती असंच बोलते, घाई नाही म्हणते आणि वाट बघते. पुढं तिनं स्वतःचा क्लास काढला. मी म्हणलं, टेस्टचे मार्क लावायचा प्रोग्राम मी करून देतो. केला, कॉम्प्युटर टेम्पोत घालून पाठवून दिला. आता मशीन तिसऱ्या मजल्यावर आणि दुरुस्त करणारा लातुरात, शेडात. तर तिकडं बसून इथल्या मशीनमध्ये शिरायचं एक सॉफ्टवेअर असतं. फुकट असतं — देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, आतला सगळा मजकूर उघडा ठेवलेला, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावा आणि आपल्या मशीनवर बांधावा. — तारेतूनच हो, फोनच्या तारेतून. मधे कोणी कान लावला तरी त्याला एक अक्षर कळत नाही. पण ते आधी तिच्या मशीनवर बसवायला इथं माणूस पाहिजे. माणूस कोण? तीच.

सीडी पाठवली आणि एका रविवारी फोन लावला. मी सांगायचो, ती टाइप करायची. डॉट. स्लॅश. कॉन्फिगर. 'डॉट म्हणजे पूर्णविराम ना?' हाव. मग ते मशीनला विचारत सुटतं, तुझ्याकडं हे आहे का, ते आहे का — आणि ही मला वाचून दाखवायली, 'आहे. आहे. नाही. आहे.' हजेरी घेतल्यासारखं. मग अडकलं. त्याच्या आधी दुसरं एक सॉफ्टवेअर लागतं, ते नव्हतं. ते बांधलं. मग कुलपाचं गणित करणारं तिसरं — ते तर लई मोठं. 'मेक' लिहून एंटर मारलं की मशीन एकेक तुकडा बांधत बसतं, पडद्यावर ओळी पळतात, माणसाला काम नसतं. फोन चालूच. ती म्हणायची, 'चालूच आहे.' मी म्हणायचो, चालू दे. मग तिनं विचारलं, जेवलात का. मी विचारलं, तिथं नळाला पाणी रोज येतं का. उर्वीला थंडीत खोकला होतो का अजून. मग पुष्कळ वेळ नुसता पंख्याचा आवाज — मशीनचा का छताचा, ते कळत नव्हतं. मामा, एका घरात होतो तेव्हासुद्धा आम्ही असं जवळ बसलो नव्हतो.

शेवटी सगळं बसलं आणि मी तिकडून त्या मशीनचं दार वाजवलं. पहिल्या खेपेला ते विचारतं, समोरचं मशीन तेच आहे कशावरून? एक लांबलचक खूण दाखवतं, आकडे आणि अक्षरं. ती इकडून वाचायची, मी तिकडं पडद्यावर बोट ठेवून जुळवायचो. जुळली. म्हणली, 'मीच आहे हो,' आणि हसली. मग आत गेलो. तेव्हापासून त्या मशीनमधला कोपरा न् कोपरा मला पाठ आहे. पण ते कोणत्या खोलीत ठेवलंय, खिडकीपाशी आहे का, तिथल्या भिंतीला रंग कोणता — काही मालूम नाही. विचारलंच नाही. विचारलं असतं तर म्हणली असती, येऊन बघा.

तयार मिळत नाही का? मिळतं की. बांधून दिलेलं मिळतं, एका ओळीत बसतं, पाणी पिऊन येईपर्यंत. मी तिला सांगितलं, जुन्यात भोक निघालंय, कोणीही आत शिरेल, नवं आपल्यालाच बांधावं लागेल. पहिल्या वेळी ते खरं होतं. पुढं दर खेपेला तेच सांगत गेलो. सायन्सची बाई आहे, तिला कळलं नसेल का? एकदा फक्त म्हणली, 'ह्या वेळी लवकर झालं.' मशीनमध्ये मेमरी वाढवली होती. मीच पाठवली होती. नको होती पाठवायला.

आता मागल्या आठवड्यापासून मशीन उत्तर देईना. फोन केला. तर म्हणली, क्लास एका मोठ्या क्लासवाल्यांना देऊन टाकला, त्यांचे कॉम्प्युटर आहेत. ते बंद केलं मी, पाहिजे तर घेऊन जा. म्हणलं, येतो. काही बोलली नाही. म्हणलं, वर येतो. मशीन नसलं तर मामा, मी फोन कशासाठी करायचा? म्हणून आलो. एसटीत सगळं ठरवलंय — कठड्याला धरायचं, खाली पायरीकडं बघायचं आणि मधे कुठं टेकायचं नाही.

हां, सांगा. तुम्ही कधीचं काय सांगायलात?

तुमच्या खोलीत? कोणी ठेवलं? — काढा बरं ती चादर. हेच ते मशीन. हे मीच चिकटवलेलं लेबल. सकाळी आणलं? एकटीनं? — तुम्हाला हाक तरी मारायची तिनं, जड असतं हो हे. जिन्यात टेकवत टेकवत आणलं असेल. काय म्हणली? — पुन्हा सांगा. 'साहेब वर यायचे नाहीत, त्यांना खालीच द्या.' रागानं म्हणली? — नाही. मग कशी? — चहा पाजा म्हणली. रिक्षात नीट ठेवून द्या म्हणली.

बरोबर आहे. तिचं काही चुकलं नाही.

नको, रिक्षा नको. चहा पण नको. झाका ते, राहू द्या तिथंच. ती घरात आहे ना? — बरं. वर फोन लावू नका. साहेब यायलेत म्हणून सांगू नका — दार उघडून उभी राहील, आणि मी मधूनच माघारी फिरलो तर तिला ते पुन्हा लावावं लागेल. तुम्ही असं करा मामा, तोंड तिकडं करा, गेटाकडं. आणि आता माझ्याशी बोलू नका.