तीन आठवड्यांत उरकलेलं महायुद्ध

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, प्राचार्य मॅडम, आजचे सत्कारमूर्ती दुसरे सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या आमच्या वहिनी, सहकारी प्राध्यापक आणि खिडक्यांत चढून बसलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

बघा, खिडक्यांतसुद्धा गर्दी! पुढच्या वर्षी माझा निरोप समारंभ आहे. तेव्हा खुर्च्या उरतील, काळजी नसावी.

पाहुण्यांसाठी सांगतो, आमच्या इतिहास विभागात हे दुसरं महायुद्ध शिकवत, म्हणून दुसरे सर. मी पहिलं शिकवतो, म्हणून पहिले सर. सव्वीस वर्षं मी हा पहिला नंबर नुसता नावापुरता मिरवला.

आता तुम्हीच सांगा, ही वाटणी न्यायाची होती का? माझ्या वाट्याला काय, तर चिखल, खंदक आणि तहाची कलमं. चार-चार महिने लढायचं आणि पुढे सरकायचं किती, तर ग्रंथालयापासून सायकल स्टँडपर्यंत! ह्यांच्याकडे विमानं, रणगाडे, पाणबुड्या, गुप्तहेर. माझ्या तासाला मुलं जांभया देत, ह्यांच्या तासाला रसायनशास्त्राची मुलं चोरून येऊन बसत. माझी सख्खी मुलगी जेवताना ह्यांच्या लढाया रंगवून सांगायची. मी जळायचो. उगाच सभ्य शब्द कशाला शोधू?

एकदा स्टाफरूममध्ये मृतांचे आकडे निघाले. पहिल्यात साधारण दोन कोटी, दुसऱ्यात सहा कोटींच्या वर. आणि मी, इतिहासाचा प्राध्यापक, मनात म्हणालो, 'ह्यातही हेच पुढे!' लाज वाटली, पण चहा संपेपर्यंतच.

माझ्या हातात एकच गोष्ट होती. वर्ग एक, तास तेच, आणि पहिलं संपल्याशिवाय दुसरं सुरू करता येत नाही. तेव्हा मी माझं युद्ध लांबवू लागलो. नोव्हेंबरात संपायचं ते जानेवारीअखेरपर्यंत ओढलं. घोड्यांच्या वैरणीवर दोन-दोन तास बोललो. सर दाराशी येऊन विचारत, "झालं का हो तुमचं?" मी म्हणे, "तह राहिलाय." सहा वर्षांचं युद्ध त्यांना तीन आठवड्यांत उरकावं लागे. आणि ते उरकत! त्याचाही मला राग.

बारा वर्षांपूर्वी मात्र मी जरा जास्तच ताणलं. 'दोन महायुद्धांची तुलना करा' हा वीस गुणांचा हमखास प्रश्न सर शेवटी शिकवत. तो राहूनच गेला. निकाल पडला. मेमो कुणाला मिळाला? ज्यांचा भाग अपुरा राहिला, त्यांना. त्याच महिन्यात विभागप्रमुख नेमायचा होता. ती खुर्ची, मंडळी, मला मिळाली. अभिनंदनाला सगळ्यांत आधी हेच आले.

गेल्या आठवड्यात सरांनी मला कपाटाची किल्ली दिली. आत त्यांच्या टाचणवह्या होत्या. मी बारा वर्षांपूर्वीची उघडली. तारखेसकट अकरा नोंदी: 'आज तास मिळाला नाही. वैरण चालू आहे.' शेवटच्या पानावर तुलनेचं टाचण तयार होतं. 'पहिल्या युद्धात माणसं लढायला गेली. दुसऱ्यात युद्धच माणसांच्या घरात शिरलं.' हे वाक्य मला सव्वीस वर्षांत सुचलं नाही हो!

सर, ही वही तेव्हा प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली असतीत, तर मेमो माझ्या नावानं निघाला असता. का नाही ठेवलीत? तुम्ही आत्ताही मान खाली घालून हसताय, सगळं सभागृह तुमच्याकडे बघतंय, आणि खरं सांगतो, मला तुमचा अजूनही हेवा वाटतोय.

मेमो आला त्या आठवड्यात मी ह्यांच्या घरी गेलो होतो. चहा देताना वहिनींनी विचारलं, "भावजी, ह्यांचं नेमकं चुकलं काय हो?" मी म्हणालो, "नियोजनात जरा कमी पडले." आणि बशीतलं दुसरं बिस्कीट उचललं.

असो. मला बोलू दिल्याबद्दल आयोजकांचे आभार. भाषणात काही उणं-अधिक झालं असेल, तर सभागृहानं ते पोटात घालावं. त्या दिवशीच्या उत्तराची माफी मात्र मी सभागृहाकडे मागत नाही.

वहिनी, ह्यांचं काही चुकलं नव्हतं. मी मुद्दाम संपवत नव्हतो.